भेगेवरची काच

मी एक जुना मनोरा आहे, आणि मित्रांनो, मला भीती वाटते. एवढ्या उंच, दगडी, दोनशे वर्षे ऊन-पाऊस झेललेल्या गड्याला कसली आली भीती, असे तुम्ही म्हणाल. मला माझीच भीती वाटते. मी पडलो तर कोणावर पडेन, हा एकच प्रश्न माझ्या दगडादगडात भरून राहिला आहे. तुम्ही माणसे घाबरलात की पळून जाता. मला ती सोय नाही. मी जिथे घाबरतो तिथेच उभा असतो.

माझ्या पाठीला लागून एक चर्च आहे. ते माझ्याहून साठ वर्षांनी थोरले. लांबट दालन, दोन्ही बाजूंना सहा-सहा खांब, आणि खांबांवरून निघून वर एकमेकींना भेटणाऱ्या कमानी. खाली उभे राहून वर पाहिले, तर कोणीतरी दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंतवून डोक्यावर धरली आहेत असे वाटते. खिडक्यांना रंगीत काचा आहेत. सकाळी फरशीवर लाल-निळे तुकडे पडतात आणि दुपारपर्यंत हळूहळू भिंतीवर चढतात. एवढे सगळे होते, फक्त मनोरा नव्हता. घंटा कुठे टांगायची, म्हणून मग मला बांधायला घेतले.

मला बांधणाऱ्याला सगळे थोरला गवंडी म्हणत, कारण हाताखाली त्याचा धाकटा भाऊ होता. पाया खणताना पुरुषभर खोलीवर पाणी लागले. पूर्वी तिथे नदीचा दलदलीचा काठ होता. थोरल्याने तीनशे झाडांचे बुंधे आणवले, टोकाकडून जमिनीत ठोकले, दाटीवाटीने, आणि त्यांच्या माथ्यांवर दगडी लाद्या बसवल्या. त्या लाद्यांवर मी उभा आहे. म्हणजे वरून मी दगडाचा दिसतो खरा, पण माझे पाय लाकडाचे आहेत.

"लाकूड पाण्यात कुजणार नाही?" धाकट्याने विचारले होते.

"पाण्यात नाही कुजत. पाणी गेलं आणि हवा लागली की कुजतं. हे बुडालेलं आहे तोवर लोखंड समज. इथलं पाणी कोणी काढू नका, एवढं सगळ्यांना सांगून ठेव."

"आणि कोणी काढलंच तर?"

"तेव्हा मी जिवंत नसेन. तेवढीच काय ती माझ्यावर मेहरबानी."

दोघेही हसले. मी तेव्हा गुडघाभरच उंच होतो, पण ते हसणे मला आवडले नाही.

थोरल्याला चार मजले करायचे होते. नगराच्या पुढाऱ्यांना पाच हवे होते, कारण शेजारच्या नगराचा मनोरा साडेचार मजल्यांचा होता. थोरला रोज सकाळी माझ्या भिंतीवर तळहात ठेवून उभा राही, जसा एखादा वैद्य तापल्या कपाळावर हात ठेवतो. "चार पुरेत," तो म्हणे. पुढाऱ्यांनी ऐकले नाही. त्याने पाचवा मजला चढवला. चाळीस माणसांनी दोर लावून घंटा वर ओढली. पहिल्यांदा ती वाजली तेव्हा सगळे नगर माझ्या पायाशी जमले होते. थोरला गवंडी मात्र रस्ता ओलांडून समोरच्या बाजूला उभा होता. माझ्या जन्मदात्याने मला पाठ दाखवली नाही, पण त्या दिवशी तो माझ्या सावलीतही उभा राहिला नाही. माझी भीती तेव्हापासूनची आहे.

पुढची वर्षे मात्र मानाची गेली. आग लागली की माझी घंटा वाजे, पूर आला की वाजे, कोणाचे लग्न लागले, कोणी गेले, तरी वाजे. चित्रकार समोर तिपाई टाकून माझी चित्रे काढत. मग घड्याळे आली, फोन आले आणि लोकांनी वर बघणे सोडले. माझ्या सांध्यांत रोपे उगवली. माझ्या चुन्यावर कोणीतरी सिमेंट फासून गेले, तेव्हापासून अंगातला ओलावा अंगातच मुरू लागला. गल्लीतली मुले मला 'वाकड्या' म्हणू लागली. मी तेव्हा वाकडा नव्हतो. पण नाव ऐकले की धस्स व्हायचे.

एक्केचाळीस वर्षांपूर्वी एक राखणदार आपल्या बायकोसह माझ्या तळमजल्यावरच्या खोलीत राहायला आला. घंटेचा दोर ओढायचा, दार उघडायचे, झाडलोट करायची, हे त्याचे काम. त्याला वाचता येत नव्हते. बायकोला येत होते. रोज संध्याकाळी ती कोळशाने माझ्या आतल्या भिंतीवर एकेक अक्षर, एकेक आकडा काढी आणि तो, चाळिशीला टेकलेला गडी, जीभ दातांत धरून ते गिरवी. त्याच्याबरोबर मीही शिकलो. दीडशेहून जास्त वर्षे मी माझ्या दारावरचा लेख छातीवर मिरवत होतो, तो मला तेव्हा पहिल्यांदा वाचता आला: 'हा मनोरा नगराने उभारला.' थोरल्या गवंड्याचे नाव त्यात नव्हते.

तीन वर्षांपूर्वी ती बाई त्याच खोलीत गेली. राखणदाराने तिचा फोटो माझ्या भिंतीवर, खिडकीसमोर, खिळ्याला टांगला.

आणि गेल्या वर्षी शेजारच्या जागेत नवी इमारत सुरू झाली. जमिनीखाली गाड्या ठेवायला दोन मजले हवेत, म्हणून त्यांनी खोल खड्डा खणला आणि पंप लावले. पंप दिवसरात्र पाणी ओढू लागले. दोनशे वर्षे माझे पाय थंडगार होते. एका सकाळी ते कोरडे लागले. तुम्ही माणसे म्हणता ना, पायाखालची जमीन सरकली? तुमच्यात ते नुसते बोलणे असते.

महिन्याभरात दाराच्या कमानीवर भेग दिसली. कमानीच्या मधल्या दगडापासून निघून, वरच्या लाकडी सज्जाच्या अंगाने ती तिरकी चढत गेली. त्या सज्जात गायकवृंद उभा राहतो. कमानीखालून सगळे आत येतात. चर्चचे फादर घाबरले आणि त्यांनी एका बांधकाम अभियंता बाईंना बोलावले. राखणदार त्यांना मोजणीबाई म्हणू लागला.

मोजणीबाईंनी भेगेवर तीन ठिकाणी काचेच्या पातळ पट्ट्या आडव्या बसवल्या. दोन्ही टोकांना प्लॅस्टरचा गोळा, त्या गोळ्यावर अंगठा दाबायचा, आणि काचेवर तारीख लिहायची. अंगठा दाबणे ही त्यांची जुनी सवय होती.

"काका, ही काच खोटं बोलत नाही," त्या म्हणाल्या. "भिंत केसभर हलली तरी तडकते. तडकली की लगेच मला फोन करायचा. मग मी इथे कोणाला पाऊल ठेवू देणार नाही."

"मी राहतो तिथेसुद्धा?"

"सगळ्यात आधी तिथेच."

 राखणदाराने वळून खोलीच्या दाराकडे पाहिले. ते पाहणे मी पाहिले.

दहाव्या दिवशी, भर दुपारी, तो पायरीवर बसून झाडूची मूठ बांधत होता. टिक्. एवढासा आवाज. मधली काच तडकली होती. तो उठला, शिडी लावून वर चढला आणि कितीतरी वेळ त्या काचेकडे बघत राहिला. मग खाली उतरला. मला वाटले, आता फोनकडे जाईल. तो अडगळीच्या खोलीत गेला. जुन्या खिडकीची फुटकी काच आणली, हिऱ्याच्या कलमाने पट्टी कापली, प्लॅस्टर कालवले, तडकलेली पट्टी काढून नवी बसवली. त्यावर जुनीच तारीख लिहिली, बायकोने शिकवलेल्या अक्षरात. आणि मोजणीबाईंनी केले होते तसेच करायचे म्हणून, गोळ्यावर अंगठा दाबला.

तो वाईट माणूस नव्हता, मित्रांनो.  पण मला ओरडावेसे वाटले, आणि मला तोंड नाही. माझा आवाज म्हणजे घंटा, आणि तिचा दोर त्याच्याच हातात.

पहिल्या तारखेला मोजणीबाई आल्या. त्यांनी भिंग लावून काचा पाहिल्या. प्लॅस्टर पाहिले नाही. "शाबूत! म्हातारा ठणठणीत आहे," असे म्हणून त्यांनी माझ्या भिंतीवर थाप मारली. ती थाप आतून मला कशी लागली, काय सांगू.

चार महिन्यांत सात काचा तडकल्या. सातव्या वेळी अडगळीतली काच संपली होती. राखणदार खोलीत इकडेतिकडे बघत उभा राहिला. शेवटी त्याने बायकोचा फोटो खिळ्यावरून काढला, मागचे बारीक खिळे उपसले, काच काढून घेतली आणि फोटो तसाच उघडा परत टांगला. त्या दिवशी तो जेवला नाही.

इकडे माझ्या द्विशताब्दीची तयारी चालली होती. एरवी घंटेवर हातोड्याने नुसते ठोके देतात. त्या रविवारी ती पूर्वीसारखी झुलवायची ठरली. दहा-बारा माणसांच्या वजनाची घंटा झुलू लागली की तिच्याबरोबर मलाही डोलावे लागते. फादरनी मोजणीबाईंना विचारले. चार महिने काचा शाबूत, तेव्हा पाच मिनिटे झुलवायला हरकत नाही, असे त्यांनी लिहून दिले. तो कागद दारावर चिकटवला होता. मला वाचता येते याचे मला पहिल्यांदाच वाईट वाटले.

शनिवारी दुपारी राखणदाराची लेक आली. ती समोरच्याच इमारतीत राहते, पडदे शिवते आणि गायकवृंदात गाते. डबा टेबलावर ठेवता ठेवता ती थांबली.

"अप्पा, आईच्या फोटोची काच कुठंय?"

"फुटली."

"कशी?"

"कशी फुटते काच? पडली."

"खिळा जागेवर, चौकट जागेवर, आणि काच तेवढी एकटी उतरून पडली?"

"तू पडदे शिवायचे सोड आणि पोलिसात जा. नाव काढशील."

ती हसली आणि खुर्च्या मांडायला वर सज्जात गेली. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन नेमके भेगेवर पडले होते. वरची पट्टी तिच्या हाताच्या उंचीवर येते. तिने पाहिले, काच फोटोच्या काचेसारखी पातळ आणि तिच्यावर अप्पांच्या वळणाची तारीख. मग प्लॅस्टरवरचा अंगठा पाहिला. रुंद अंगठा, आणि त्यावर आडवी एक रेघ. दोराने कापलेल्या अंगठ्याचा तो व्रण ती लहानपणी मांडीवर बसून बोटाने चाचपायची. आताही तिने त्यावर बोट ठेवले. तिचे बोट गार पडलेले मला जाणवले.

ती खाली आली. "अप्पा, अंगठा दाखवा."

त्याने हात खिशात घातला.

"किती फुटल्या?"

"सात."

"सात!"

"हळू बोल ना जरा."

"का? मनोऱ्याला ऐकू जाईल?"

मी सगळे ऐकत होतो.

"तुझी आई इथे गेली," तो म्हणाला. "या खिडकीकडे तोंड करून. हे बंद केलं तर मी कुठे जाऊ?"

"माझ्याकडे. रस्ता ओलांडला की घर. बावीस पावलं."

"तुझ्या घरात ती नाही."

लेकीने आईच्या उघड्या फोटोकडे पाहिले. मग म्हणाली, "आईनं तुम्हाला आकडे शिकवले ते यासाठी?"

त्याने मान खाली घातली. "उद्याचा दिवस जाऊ दे. सोमवारी सांगतो फादरना."

"उद्याच घंटा झुलायची आहे, अप्पा. आज सांगा."

"सांगतो म्हटलं ना!"

"मी जाऊन सांगितलं तर तुम्ही लबाड ठरता. तुम्ही सांगितलंत तर चुकलेला म्हातारा. म्हणून थांबते. पण किती? तुम्ही दोराला हात लावेपर्यंत. तोवर मी वर सज्जात माझ्या जागेवर असेन, बरोबर तुमच्या डोक्यावर. तुम्ही ओढलात की मी तिथूनच ओरडेन."

"तू उद्या येऊ नकोस."

"का? म्हातारा ठणठणीत आहे ना?"

ती डबा तसाच ठेवून गेली.

रविवारी सकाळी दहा वाजता दालन भरले. माझ्या कमानीखालून गेलेली माणसे मी एकेक करून मोजली. दोनशे चौदा. म्हाताऱ्या बायका, कडेवरची पोरे, नवे बूट घालून मिरवणारे पुरुष. सज्जात बावीस गाणारे चढले आणि तळाची काच टिक् करून तडकली. गाणे सुरू होते. कोणाला ऐकू गेले नाही. माझ्या सांध्यांतून चुना पिठासारखा भुरभुरत होता. पडू नकोस, पडू नकोस, एवढेच मी स्वतःला सांगत होतो.

फादरनी मान हलवून खूण केली. राखणदाराने दोर हातात घेतला. वर पाहिले. सज्जाच्या दोन फळ्यांमधल्या फटीतून लेकीची चप्पल दिसत होती. उजव्या चपलेचा पट्टा त्यानेच आदल्या आठवड्यात शिवून दिला होता. ती खाली वाकून त्याच्याकडेच बघत होती.

आणि तरी त्याने दोर ओढला. एक्केचाळीस वर्षांची सवय होती ती, की अजूनही आशा होती, मला माहीत नाही.

मोठ्या घंटेचे एक असते. पहिल्या ओढीला ती वाजत नाही, नुसती हलते. दुसऱ्या ओढीला जास्त हलते. तिसऱ्या-चौथ्याला आतला लोलक तिला भिडतो आणि मग ती थांबवणे माणसाच्या हातात राहत नाही. पहिल्या ओढीला मी डोललो. दोनशे वर्षांत असा कधी डोललो नव्हतो. एखाद्या खिळखिळ्या दातासारखा मी मुळापासून हललो. भेगेतून मूठभर चुना सुटला आणि त्याच्या हातांवर पडला.

"अप्पा!" वरून लेक ओरडली.

पण तोवर त्याने ओढणे सोडून दोराला मिठीच मारली होती. घंटेने त्याला फरशीवरून हातभर उचलले, खाली आणले, पुन्हा उचलले. त्याच्या तळहातांची साल निघाली. त्याने सोडले नाही. घंटा न वाजताच थांबली.

गाणे थांबले. पुढच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, "काका, दोर तुटला की दम तुटला?" थोडे लोक हसले.

राखणदार दालनाच्या मधोमध येऊन उभा राहिला. "सगळे बाहेर चला. वेदीजवळच्या दाराने. माझ्या दाराने कोणी जाऊ नका. आधी सज्जा रिकामा करा, एकेक जण, पाय न आपटता."

"काय झालं?" फादरनी विचारले.

"काचा फुटल्यात, फादर. मी बदलत होतो. सात वेळा."

मग कोणी हसले नाही.

सज्जाचा जिना माझ्याच पोटातून उतरतो. बावीस जण उतरेपर्यंत मी श्वास धरून होतो. लेक शेवटी उतरली. सगळे जण रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहिले, थोरला गवंडी उभा होता अगदी तिथे. अर्धा तास झाला. लोक कंटाळू लागले.

"पडला नाही अजून," एक जण म्हणाला.

"तुला घाई आहे का?" शेजारची म्हातारी म्हणाली.

मोजणीबाई पाहुण्या म्हणून आल्या होत्या. डोक्यावर टोप चढवून त्या एकट्याच आत निघाल्या, तर राखणदार मागोमाग आला. "शिडी कोण धरणार?" एवढेच तो म्हणाला. बाईंनी त्याच्याकडे रागाने पाहिले आणि शिडी त्याच्या हाती दिली. त्यांनी सगळ्या पट्ट्या काढल्या. प्रत्येक गोळ्यावरचा व्रणाचा अंगठा पाहिला. मधल्या जागी स्वतःच्या पिशवीतली कोरी काच बसवली. मग दोघेही प्लॅस्टर सुकायची वाट बघत कमानीच्या आत उभे राहिले. पंधरा मिनिटे गेली. वीस.

टिक्.

"ऐकलंत?"

"ऐकलं."

"मी चार महिने या आवाजाखाली लोकांना उभं केलं," मोजणीबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"तुम्ही नाही, बाई. मी."

त्याच दिवशी माझे दार बंद झाले. आठवड्यात शेजारचे पंप थांबले. मला लोखंडी परांचीने वेढले, घंटा उतरवून दालनात जमिनीवर ठेवली आणि पाचवा मजला दगड दगड करून उतरवला. चार पुरेत, असे म्हणणारा माणूस दोनशे वर्षांनी खरा ठरला. त्याला ते कळायला हवे होते.

राखणदार आता लेकीकडे राहतो. बायकोच्या फोटोला नवी काच बसवली आहे आणि तो लेकीच्या खिडकीत, माझ्याकडे तोंड करून टांगला आहे. दर पहिल्या तारखेला तो बावीस पावले चालत येतो आणि मोजणीबाईंची शिडी धरतो. पहिले दोन महिने बाई त्याच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या महिन्यात त्यांनी गोळ्यावर आपला अंगठा दाबला आणि म्हणाल्या, "काका, दुसऱ्या टोकाला तुमचा. म्हणजे मला कळेल, काच तुम्ही पाहिलीय." तेव्हापासून प्रत्येक पट्टीच्या एका टोकाला लहान अंगठा असतो आणि दुसऱ्याला व्रणाचा.

मी वाचलो, असे मात्र समजू नका. पाणी परत चढते आहे, माझे पाय पुन्हा गार लागतात. पण मधल्या काळात किती लाकूड कुजले, ते अजून कोणाला माहीत नाही. मलाही नाही. म्हणून मला भीती वाटते. शाळा सुटली की मुले माझ्यासमोरून पळत जातात, तेव्हा शेवटचे मूल पुढे जाईपर्यंत मी कबुतरालासुद्धा हलू नकोस म्हणतो.

मित्रांनो, जुन्या भिंती तुम्हाला हाक मारू शकत नाहीत. आमचे बोलणे म्हणजे एवढासा टिक्. तुमच्या घराला, शाळेला, कुठल्याही जुन्या वास्तूला भेग दिसली, तर तिच्यावर रंग फासू नका, कपाट सरकवू नका, चित्र टांगू नका. आणि कोणी तिच्यावर काच लावली असेल, तर ती फुटली त्याच दिवशी जाऊन सांगा. घर जाईल म्हणून गप्प बसू नका. तुम्ही सांगावे, हेच घरालाही हवे असते.

आज महिन्याची एकोणतीस तारीख. मधली काच सकाळपासून किंचित चमकते आहे. ती तडकण्याआधी अशीच चमकते, की हा नुसता उन्हाचा तुकडा आहे, मला ठरवता येत नाही. समोरच्या खिडकीत राखणदार कानामागे तळहात धरून बसला आहे. तो ऐकतो आहे. मीही ऐकतो आहे.